श्वास मोजणारा मोजणीदार

टिंडल हे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी परीक्षेत लिहिलेलं आहे. अंधाऱ्या खोलीत कवडशातली धूळ चमकते, ग्लासभर पाण्यात दोन थेंब दूध टाकून टॉर्च मारला की उजेडाचा पट्टा दिसतो, याला टिंडल परिणाम म्हणतात. मार्क दोन. हा टिंडल कोण, कुठला, त्याने आणखी काय केलं, हे मला कुणी विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला विचारलं नाही. माझी त्याची ओळख झाली ती आजीच्या पित्ताशयातल्या खड्यांमुळे!

माझं आजोळ पूर्णगड. रत्नागिरीहून पावसवरून पुढे गेलं की मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे खाडीच्या तोंडाशी टेकाडावर एक लहानसा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशी गाव. पलीकडे गावखडी, मध्ये पूल. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझ्याकडे जे काही मराठी आहे ते पूर्णगडच्या मे महिन्यांच्या सुट्ट्यांतलं. या लेखात शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या, आणि एखादा शब्द बरा वाटला तर तो आजीचा.

तर दोन वर्षांपूर्वी आजीला पोटात कळा यायला लागल्या आणि रत्नागिरीत ऑपरेशन करायचं ठरलं. पुरी भूल द्यावी लागणार होती. आजीला ऑपरेशनची भीती नव्हती, भुलीची होती. झोपवतील आणि उठवायला विसरतील, असं तिचं म्हणणं. ऑपरेशन नीट झालं. नंतर भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम भेटल्या, तेव्हा मी इन्स्ट्रुमेंटेशनला आहे हे कळल्यावर त्यांनी कागदाच्या पाठीमागे मला मॉनिटरच्या तीन रेषा काढून दाखवल्या. पहिली हृदयाची. दुसरी बोटाच्या चिमट्याची, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची. ती कोविडमध्ये घराघरात पोचली. तिसरी रेषा मात्र मी कधी पाहिली नव्हती. किल्ल्याच्या तटासारखी दिसते, वर सपाट, मग एकदम खाली, पुन्हा वर. प्रत्येक उच्छ्वासात किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला त्याची ती रेषा. ते मोजणाऱ्या यंत्राला कॅप्नोग्राफ म्हणतात.

मॅडमनी सांगितलेली एक गोष्ट डोक्यात बसली. घशातली नळी सरकली किंवा चुकून अन्ननलिकेत गेली, तर तिसरी रेषा दोन-चार श्वासांत झोपते. बोटाच्या चिमट्याला ते कळायला कित्येकदा काही मिनिटं जातात, कारण भूल देण्यापूर्वी पेशंटला ऑक्सिजन भरपूर दिलेला असतो आणि तो साठा संपेपर्यंत आकडा छान दिसत राहतो. मेंदूला तेवढी मिनिटं परवडत नाहीत. पूर्वी लहान ठिकाणी काम करताना त्यांच्याकडे ही तिसरी रेषा नसायची. मग हातातली रबरी पिशवी, छातीची हालचाल आणि अनुभव. मी अर्थातच इंजिनिअरचा प्रश्न विचारला : किंमत किती? बोटाचा चिमटा आज हजार-दीड हजाराला मिळतो. तिसऱ्या रेषेचं यंत्र अजून लाखाच्या घरात आहे.

झालं! होस्टेलला परत आल्यावर आम्ही तिघींनी मिनी प्रोजेक्ट ठरवून टाकला, स्वस्त कॅप्नोग्राफ. उत्साहाच्या भरात बाजारात मिळणारा सगळ्यात स्वस्त गॅस सेन्सर आणला, एमक्यू-१३५. हा तापवलेल्या टिन ऑक्साइडचा असतो. फुंकर मारली की आकडा हलतो, पण तो सॅनिटायझरने हलतो, मेसमधल्या फोडणीने हलतो आणि शेजारच्या खोलीतल्या नेलपॉलिशनेही हलतो. मग इन्फ्रारेडवर चालणारा, खास कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर आणला, वर्गातली हवा कोंदट झाली का ते सांगणारा. त्याची मर्यादा पाच हजार पीपीएम. आपल्या उच्छ्वासात असतात चाळीस ते पन्नास हजार! वर त्याला आकडा स्थिर करायला दोन मिनिटं लागू शकतात आणि माणूस तेवढ्यात पंचवीस-तीस श्वास घेऊन मोकळा होतो. हे असं का, म्हणून इन्फ्रारेड पद्धतीच्या मुळाशी जायला लागले तेव्हा मुळाशी जो माणूस उभा होता तो हाच, दोन मार्कांचा जॉन टिंडल. इन्फ्रारेडने माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पहिल्यांदा मोजला तो त्याच्या प्रयोगशाळेत, १८६०च्या दशकात.

टिंडलचा जन्म २ ऑगस्ट १८२० चा, आयर्लंडच्या कार्लो परगण्यात, बॅरो नदीकाठच्या लॉकलिनब्रिज गावी. गंमत म्हणजे तिथेही नदी, पूल आणि नदीकाठी पडका किल्ला! वडील कॉन्स्टेबल होते, आधी चामड्याचा व्यवसाय करत. घरची परिस्थिती बेताची. वडील कट्टर प्रोटेस्टंट, तरीही त्यांनी मुलाला शिकायला पाठवलं ते कॉनविल नावाच्या कॅथलिक मास्तरांकडे, कारण गणित तेच चांगलं शिकवत. त्या काळच्या आयर्लंडमध्ये ही लहान गोष्ट नव्हती. जॉन तिथेच शिकला.

पुढे कॉलेज वगैरे काही नाही. १८३९ मध्ये तो सरकारी सर्व्हे खात्यात लागला. म्हणजे आपल्याकडचा मोजणीदार. साखळी ओढायची, कोन मोजायचे, रात्री बसून नकाशे काढायचे. १८४२ मध्ये त्याची बदली इंग्लंडमध्ये प्रेस्टनला झाली. तिथे आयरिश कर्मचाऱ्यांना मिळणारा पगार आणि वागणूक याविरुद्ध त्याने तोंड उघडलं, आणि १८४३ मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. त्यानंतर रेल्वेची लाट आली. इंग्लंडभर नवनवे लोहमार्ग टाकायचं वेड लागलं होतं, मोजणीदारांना सोन्याचा भाव आला आणि टिंडल रेल्वेच्या सर्व्हेत रात्रीचा दिवस करू लागला. आमचे सिव्हिलचे मित्र सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला उन्हात उभं राहावं लागतं म्हणून कुरकुरतात, त्यांच्यासाठी ही माहिती खास!

मला वाटतं त्याच्या पुढच्या सगळ्या कामाचं बीज या आठ वर्षांत आहे. मोजणी करताना चूक कुठून शिरते आणि ती कशी बाहेर काढायची, ही सवय त्याला तिथे लागली असणार. हे माझं मत, कुठल्या पुस्तकातलं नाही.

१८४७ मध्ये तो क्वीनवुड नावाच्या शाळेत गणित आणि सर्व्हेइंग शिकवायला गेला. तिथे फ्रँकलंड हा केमिस्ट्रीचा तरुण शिक्षक त्याचा मित्र झाला. वर्षभराने दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि जर्मनीत मारबुर्गला जाऊन पोचले, बुन्सेनकडे शिकायला. होय, बर्नरवाला बुन्सेनच. टिंडल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. आपल्याकडे या वयात लोक लग्नाच्या पत्रिका वाटतात. जर्मन शिकायची, त्या भाषेत लेक्चर ऐकायची, आणि खर्च रेल्वेत साठवलेल्या पैशांतून. दोन वर्षांच्या आत त्याने डॉक्टरेट मिळवली.

परत आल्यावर मात्र नोकरी मिळेना. टोरांटो, सिडनी, सगळीकडून नकार. प्लेसमेंटच्या मोसमात हे वाचून मला बरं वाटलं. शेवटी ११ फेब्रुवारी १८५३ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याचं एक व्याख्यान झालं, ते इतकं रंगलं की त्याच वर्षी तो तिथे प्राध्यापक झाला. तिथे फॅरेडे होता. तोही गरिबीतून वर आलेला, बुकबाइंडरच्या दुकानात उमेदवारी केलेला. दोघांचं छान जमलं, आणि १८६७ मध्ये फॅरेडे गेल्यावर त्याची जागा टिंडलनेच सांभाळली. पाण्याच्या वाकलेल्या धारेतून उजेड वळत जातो हा प्रयोग टिंडलने १८५४ मध्ये तिथेच लोकांना दाखवला. ऑप्टिकल फायबरच्या प्रत्येक नोट्समध्ये त्याचं नाव येतं, पण हा प्रयोग त्याच्या आधी दहा-बारा वर्षं कोलाडोन नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने केला होता. नोट्स झेरॉक्स होतात तशा चुकाही झेरॉक्स होतात.

आता मुख्य गोष्ट. १८५९ चा मे महिना. वायू उष्णतेचे किरण अडवतात का, हा प्रश्न. किरण म्हणजे आज आपण ज्याला इन्फ्रारेड म्हणतो ते. हवा तर स्वच्छ पारदर्शक, आणि आधी ज्यांनी प्रयत्न केले त्यांना हवेने काही अडवल्याचं मोजता आलं नव्हतं. अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले होते आणि कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापते हे दाखवलं होतं. त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण नुसते इन्फ्रारेड किरण वेगळे काढून मोजणं त्या उपकरणांनी शक्य नव्हतं. टिंडलने ते केलं.

त्याने सुमारे चार फुटांची पितळी नळी घेतली. एका टोकाला उष्णतेसाठी उकळत्या पाण्याचा तांब्याचा चौकोनी डबा, त्याच्या एका बाजूला काजळी फासलेली, कारण काजळी उष्णता चांगली फेकते. दुसऱ्या टोकाला थर्मोपाइल, म्हणजे अँटिमनी आणि बिस्मथ यांच्या जोडांची मालिका. किरण पडले की त्यातून बारीकसा करंट निघतो आणि गॅल्व्हॅनोमीटरची सुई हलते. कोविडमध्ये प्रत्येक दारात कपाळावर धरलेला तो पिस्तुलासारखा थर्मामीटर आठवतो? त्याच्या पोटात थर्मोपाइलच असतो.

नळीची टोकं बंद कशाने करायची? काच चालत नाही, काच इन्फ्रारेड अडवते. म्हणून त्याने खनिज मिठाच्या पारदर्शक चकत्या बसवल्या. खनिज मीठ म्हणजे आपलं सैंधव, आजीच्या उपासाच्या डब्यातलं! लंडनमध्ये हे जमलं. पूर्णगडला पावसाळ्यात हा प्रयोग केला असता तर दुसऱ्या दिवशी खिडकीला पाणी सुटलेलं दिसलं असतं.

पण खरी अडचण वेगळी होती. उष्णता जास्त असली की सुई टोकाला जाऊन बसते आणि तिथे बारीक फरक तिला कळत नाही. उष्णता कमी केली तर वायूने अडवलेला भाग इतका किरकोळ की तोही दिसत नाही. टिंडलने काय केलं, तर थर्मोपाइलच्या दुसऱ्या तोंडासमोर गरम पाण्याचा दुसरा डबा ठेवला आणि मधला पडदा सरकवून दोन्ही बाजूंची उष्णता अशी तोलली की सुई बरोबर शून्यावर आली. आता नळीत वायू सोडला आणि त्याने शंभरातला एखादा भाग जरी अडवला, तरी तोल बिघडतो आणि सुई हलते. मोठ्या आकड्यातला लहान बदल मोजायचा असेल तर मोठा आकडा आधी वजा करून टाक. व्हीटस्टन ब्रिज, डिफरन्शियल ॲम्प्लिफायर, कालची सबमिशन, सगळं याच कल्पनेवर. मी हे सगळं फॉर्म्युले पाठ करून शिकले होते. सुई शून्यावर आणण्यासाठी कुणी तासन् तास पडदा सरकवत बसलं होतं, हे ठाऊक नव्हतं.

त्याची फजितीही वाचण्यासारखी आहे. गॅल्व्हॅनोमीटरची सुई काही केल्या शून्यावर ठरेना. शोधता शोधता कळलं की वेटोळ्याच्या तांब्याच्या तारेवर जे हिरवं रेशीम गुंडाळलं होतं, त्या हिरव्या रंगात लोखंडाचा अंश होता आणि तोच सुईला खेचत होता. पांढऱ्या रेशमाची तार आणली आणि सुई सुधारली. पुढे हवेचीही तीच कथा. साध्या हवेत ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड असतो, तो गंधकाम्ल आणि कॉस्टिक पोटॅशमधून गाळून काढल्यावरच खरे आकडे हाती आले. १० जून १८५९ रोजी प्रिन्स अल्बर्ट अध्यक्ष असलेल्या सभेत त्याने हा प्रयोग सर्वांसमोर करून दाखवला, आणि फेब्रुवारी १८६१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सविस्तर निबंध वाचला.

निष्कर्ष काय, तर हवेचा मुख्य भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन किरणांना जवळजवळ आडवे येतच नाहीत. आडवे येतात ते पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि अशीच गुंतागुंतीच्या रेणूंची मंडळी. पृथ्वी उबदार का राहते याचं उत्तर त्यात होतं, त्याबद्दल हल्ली पुष्कळ लिहिलं जातं. माझी नजर त्याच्या यादीतल्या दुसऱ्या नावांवर गेली. नायट्रस ऑक्साइड. ईथर. क्लोरोफॉर्म. ही तर भुलीची औषधं! ईथरची भूल बोस्टनमध्ये १८४६ मध्ये आणि क्लोरोफॉर्मची एडिंबरामध्ये १८४७ मध्ये सुरू झाली होती. टिंडलने ही वाफ मोजली ती केवळ रेणू कसे वागतात ते पाहायला. पण आज ऑपरेशन थिएटरमधलं यंत्र सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन किती जातंय हे सांगतं, ते याच रीतीने. फक्त तरंगलांबी वेगळी. आणि ऑक्सिजन इन्फ्रारेड शोषत नाही हे त्यानेच दाखवल्यामुळे, त्याच यंत्रात ऑक्सिजनसाठी वेगळा सेन्सर का बसवावा लागतो, हेही मला तिथेच कळलं.

श्वासाचा प्रयोग १८६४ च्या निबंधात आहे. इथे त्याने एक झकास युक्ती केली. उष्णतेसाठी गरम डबा न घेता कार्बन मोनॉक्साइडची ज्योत घेतली. ती जळताना गरम कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो नेमके तेच किरण फेकतो जे थंड कार्बन डायऑक्साइड शोषतो. कुलूप आणि किल्ली एकाच कारखान्यातली! नळीत माणसाचा कोरडा केलेला उच्छ्वास भरला आणि सुई किती हलली ते पाहिलं. मग माहीत असलेल्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड मिसळून तेवढीच सुई हलेपर्यंत तुलना केली. हे कष्टाचं काम त्याचा सहायक बॅरेट याने केलं. रासायनिक पद्धतीने काढलेला आकडा आणि हा आकडा जवळपास जुळले. आपण याला कॅलिब्रेशन म्हणतो आणि जर्नलमध्ये शेवटच्या रात्री आकडे जुळवून टाकतो.

श्वासाचा नाद त्याला पुढेही होता. जानेवारी १८७० मध्ये त्याने विजेच्या दिव्याचा झोत अंधारात सोडला. त्यात धूळ चमकत होती, आपला दोन मार्कांचा परिणाम. त्या झोतावर त्याने नळीतून हळूहळू श्वास सोडला. सुरुवातीला काही फरक दिसला नाही, पण उच्छ्वास संपत आला तशी झोताच्या मधोमध काळी खिंड पडली. फुफ्फुसांच्या तळातून आलेल्या हवेत धूळच उरलेली नव्हती, सगळी आत अडकली होती. मग तोंडावर कापूस धरून श्वास घेतला, तर सोडलेला श्वास पहिल्यापासूनच काळा. यातूनच आगीच्या धुरात शिरणाऱ्या बंबवाल्यांसाठी त्याने कापूस, ग्लिसरीन आणि कोळसा भरलेला मुखवटा तयार केला. दीडशे वर्षांनी आपण सगळे मास्क लावून फिरलो, तेव्हा हा प्रयोग कुणी शाळेत दाखवला असता तर किती वाद वाचले असते.

आता एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. माणूस कमालीचा धाडसी, आल्प्समधलं वाइसहॉर्न शिखर १८६१ मध्ये पहिल्यांदा सर करणारा. अमेरिकेत १८७२-७३ मध्ये व्याख्यानं देऊन मिळालेला नफा त्याने तिथल्याच विद्यार्थ्यांना विज्ञान शिकण्यासाठी देऊन टाकला. पण जमैकात १८६५ मध्ये गव्हर्नर आयरने तिथल्या काळ्या लोकांचा उठाव अत्यंत क्रूरपणे चिरडला, तेव्हा टिंडल त्या गव्हर्नरच्या बाजूने उभा राहिला. आणि उतारवयात आयर्लंडच्या स्वराज्याला त्याने कडाडून विरोध केला. आयरिश मोजणीदारांच्या पगारासाठी नोकरी गमावलेला हाच का तो, असा प्रश्न पडतो. टिळकांच्या रत्नागिरीशी नातं सांगणाऱ्या मला हे पचवायला जड गेलं. गाळून टाकावं असंही वाटलं, पण मग हिरव्या रेशमाची गोष्ट तरी कशाला सांगायची?

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. टिंडल लंडनमध्ये जिवंत होता, श्वास मोजायची रीत छापून आलेली होती, आणि तेव्हाच आपल्या शेजारी हैदराबादेत एक मोठा वाद पेटला होता. क्लोरोफॉर्म देताना माणूस दगावतो तो आधी श्वास थांबून की आधी हृदय थांबून? निजामाच्या दवाखान्याचे डॉक्टर एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं की नाडी सोडा, श्वासावर लक्ष ठेवा. १८८८ मध्ये आणि १८८९ मध्ये निजामाच्या पैशांतून दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी लॉडर ब्रंटन हे नामांकित डॉक्टर विलायतेहून आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. त्याच हैदराबादेत रूपाबाई फरदूनजी भूल देण्याचं काम करत होत्या, जगातल्या पहिल्या काही स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक. पुढे १९११ मध्ये लेव्हीने दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये हृदय आधीही थांबू शकतं, म्हणजे लॉरी निम्मेच बरोबर होते. पण श्वास पाहा म्हणणाऱ्यांकडे पाहायला डोळे आणि हातच होते. टिंडलचं यंत्र म्हणजे टेबलभर पितळ, मीठ आणि उकळतं पाणी, एका श्वासाला एक आकडा देणारं. ते पेशंटच्या उशाशी नेता येईल असं कुणाच्या मनातही आलं नसावं.

ते उशाशी यायला फार वर्षं गेली. जर्मनीत लुफ्टने १९३०च्या दशकाच्या अखेरीस कारखान्यांसाठी सलग चालणारा इन्फ्रारेड ॲनलायझर केला, त्यावरून पुढे दवाखान्यातली यंत्रं आली, आणि १९८०-९० च्या सुमारास श्रीमंत देशांत भूल देताना तिसरी रेषा नियमाची झाली. लहान गावांत ती अजून वाट पाहायला लावते.

टिंडलने लग्न केलं ते पंचावन्नाव्या वर्षी, १८७६ मध्ये, लुईसा हॅमिल्टनशी. ती त्याच्याहून चोवीस-पंचवीस वर्षांनी लहान. ती त्याची लेखनिक, सहकारी, परिचारिका, सगळंच झाली. त्याला निद्रानाश आयुष्यभर छळत होता. १८८७ मध्ये निवृत्त होऊन दोघं हाइंडहेडला राहायला गेली, तिथे तब्येत ढासळतच गेली. झोपेसाठी तो क्लोरल हायड्रेट घेत असे. हे क्लोरोफॉर्मच्याच घराण्यातलं औषध, ज्या क्लोरोफॉर्मची वाफ त्याने नळीत भरून मोजली होती. जास्त झालं की माणूस गाढ झोपतो आणि श्वास मंदावत मंदावत थांबतो.

४ डिसेंबर १८९३ च्या सकाळी लुईसाने त्याला रोजचं मॅग्नेशिया द्यायला बाटली उचलली. ती क्लोरलची निघाली. औषध गोड लागलं आणि चूक दोघांच्याही लगेच लक्षात आली. डॉक्टर आले, दिवसभर धावपळ झाली, संध्याकाळपर्यंत टिंडल गेला. चौकशीत अपघाती मृत्यू असाच निकाल लागला. लुईसा त्यानंतर तब्बल सेहेचाळीस वर्षं जगली. त्याची पत्रं, रोजनिश्या गोळा करत, त्याचं चरित्र लिहायचंच म्हणत. ते तिच्या हातून झालं नाही. १९४० मध्ये ती गेली आणि चरित्र दुसऱ्यांनी लिहून १९४५ मध्ये निघालं. हे वाचलं त्या रात्री मी मेसला गेले नाही.

आमच्या प्रोजेक्टबद्दल विचाराल तर तो चालू आहे. तयार सेन्सरचा नाद सोडून आम्ही दोन खिडक्यांचा थर्मोपाइल मागवला. एका खिडकीला ४.२६ मायक्रॉनचा फिल्टर, कार्बन डायऑक्साइडसाठी. दुसरीला चारच्या थोडा अलीकडचा, जिथे श्वासातलं काहीच आडवं येत नाही. दोन्हींची तुलना करायची. उकळत्या पाण्याच्या डब्याऐवजी बारीकसा बल्ब, बाकी सगळं टिंडलचंच. बल्ब तापला की शून्य सरकतं, उच्छ्वासाची वाफ खिडकीवर जमली की तटाचं बुरुज होऊन बसतं. मे महिन्यात डबा पूर्णगडला घेऊन गेले होते. ओसरीवर लॅपटॉप ठेवून आजीला नळीतून श्वास सोडायला सांगितला. तिने आधी विचारलं की याने झोप तर येत नाही ना, आणि मग सोडला. पडद्यावर रेषा वर चढली, थोडी उशिरा, पण चढली. खाली मात्र पूर्ण आली नाही. पुढच्या श्वासाच्या आत शून्यावर यायला हवी, तिथे अजून आम्ही अडलो आहोत. बल्ब ठरावीक वेगाने चालू-बंद करून पाहणार आहोत. ई अँड टीसीच्या कुणाला फिल्टर सर्किटात रस असेल तर लेडीज होस्टेलच्या नोटिस बोर्डावर चिठ्ठी लावा.